जोडीवांचून जोडीचा नाच

मध्यमवर्गीय मराठी माणसानें एकट्यानें प्रवास करावा अशीं समाजमान्य कारणें आपल्याकडे फार थोडीं आहेत. परीक्षेचे पेपर तपासावयास, कोर्टाच्या तारखेस, अस्थिविसर्जनास, किंवा फार झालें तर एखाद्या परिषदेंत निबंध वाचावयास तो एकटा गेला तर त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. परंतु निव्वळ आनंदासाठीं एकट्यानें जावें, आणि तेंही नाचावयास, आणि तेंही पंचावन्नी उलटल्यावर, हें कानावर पडतांच ऐकणाराच्या मुद्रेवर आधीं कींव, मग संशय आणि शेवटीं उपदेश असे तीन भाव क्रमानें उमटतात. स्वीडन देशांतील हेरेंग नांवाच्या खेड्यांत जुलै महिन्यांत भरणाऱ्या स्विंग-नृत्याच्या मेळाव्यास आम्ही एकटे जाऊन आलों, तेव्हांपासून हे तिन्ही भाव आम्हीं पुष्कळ चेहऱ्यांवर पाहिले आहेत. कींव आणि संशय आम्ही सोडून देतों. उपदेशाला मात्र उत्तर देणें भाग आहे, कारण तो आतां खाजगी राहिलेला नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका व्यासंगी गृहस्थांनीं एका व्याख्यानमालेंत, आमचें नांव न घेतां पण कोणालाही कळेल अशा रीतीनें, ह्या प्रकाराचा समाचार घेतला. जोडीचा नाच हा जोडप्याचा. ज्यानें जोडीदार बरोबर नेला नाहीं त्यानें परक्यांचे हात धरीत हिंडावें ह्याला एकाकीपणाचें प्रदर्शन म्हणावें कीं सभ्यतेच्या पांघरुणाखालचा स्वैराचार म्हणावें, एवढाच काय तो प्रश्न. आणि असल्या परकीय थेरांची आपणांस गरज ती काय? असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ. टाळ्या पुष्कळ पडल्या असें ऐकतों. टाळ्या वाजविणारांत आमचे कांहीं विद्यार्थीही होते, म्हणून हा खटाटोप.

प्रथम हा नाच कोणता व तो कोठें जन्मला हें सांगितलें पाहिजे, कारण व्याख्याते महाशयांनीं ‘पाश्चात्य बॉलरूम’ ह्या दोन शब्दांत व्हिएन्नाचा वॉल्ट्झ आणि हार्लेमचा लिंडी हॉप ह्यांची एकच मोट बांधली आहे. लिंडी हॉप राजवाड्यांत जन्मला नाहीं. न्यूयॉर्कमधील हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो आकारास आला, आणि त्याचें माहेरघर म्हणजे लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १४० व्या व १४१ व्या रस्त्यांच्या दरम्यान १२ मार्च १९२६ रोजीं उघडलेली सॅव्हॉय बॉलरूम. एका रस्त्यापासून दुसऱ्या रस्त्यापर्यंत पसरलेली लांकडी जमीन, बँडांसाठीं शेजारींशेजारीं दोन मंच, एक थांबला कीं दुसरा सुरू. चिक वेब हा पाठीच्या दुखण्यानें वांकलेला, ठेंगणा ड्रमवादक येथें आपला बँड चालवी. ११ मे १९३७ च्या रात्रीं बेनी गुडमनसारख्या, तेव्हां देशभर गाजत असलेल्या गोऱ्या नायकाला त्यानें ह्याच जमिनीवर नाचणारांच्या कौलानें हरविलें. त्या काळीं हार्लेममधल्याच कॉटन क्लबांत रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि खुर्च्यांवर गोरे प्रेक्षक अशी व्यवस्था होती. सॅव्हॉयच्या दारांत असली निवड नव्हती. दिवसभर दुसऱ्याचें घर झाडणारी मोलकरीण आणि गांवाबाहेरून मोटारींतून आलेला श्रीमंत एकाच जमिनीवर उतरत. चित्रपटनट क्लार्क गेबल आला आहे असें कोणी सांगितलें तेव्हां, त्याला नाचतां येतें काय, एवढीच पृच्छा झाली, असें त्या काळचे नर्तक फ्रँकी मॅनिंग सांगत असत. आम्हांस ह्या प्रश्नांत लोकशाहीचा जेवढा अर्थ दिसतो तेवढा राज्यशास्त्राच्या कित्येक क्रमिक पुस्तकांत दिसलेला नाहीं.

आतां नाचाची बांधणी पाहूं. युरोपीय जोडनृत्यांत जोडपें एकदां जवळ आलें कीं नाच संपेपर्यंत सहसा सुटत नाहीं. हार्लेमच्या नर्तकांनीं ती मिठीच मधोमध सोडली. आठ मात्रांच्या ‘स्विंग-आउट’ ह्या मूळ चालींत दोघे एकमेकांभोवतीं वळतात, वेगानें दूर जातात, एका हाताच्या ताणावर तोल सांभाळतात, आणि त्या दुराव्यांत प्रत्येकजण आपल्या पायांनीं वाटेल तें करावयास मोकळा असतो. मग तोच ताण त्यांना परत जवळ आणतो. ह्याची जात आपल्या फुगडीची आहे. दोघींनीं मागें झुकून भार दिला तरच फुगडी फिरते. एकीनें कच खाल्ली तर दोघी पडतात. आणि फुगडीला समोरची ओळखीची लागत नाहीं, भार द्यावयास न भिणारी लागते. आमच्या कुटुंबास स्विंगची गोडी नाहीं. आम्ही स्वीडनला गेलों त्याच सुमारास त्या आळंदीहून पंढरपुरास पायीं गेल्या, आणि वाटेंत किती अनोळखी बायांशीं फुगड्या झाल्या ह्याचा हिशेब त्यांनीं आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितला. त्यांना कोणी विचारलें नाहीं कीं यजमान बरोबर कां नाहींत, आणि त्या एकाकी आहेत असें सिद्ध करण्यासाठीं कोणी व्याख्यानही दिलें नाहीं.

पुढची गोष्ट व्याख्याते महाशयांच्या दृष्टींतून सर्वस्वीं निसटली आहे. रंगमंचावर करून दाखवावयाचे प्रयोग सोडले तर लिंडी हॉपमध्यें आधीं बसविलेला क्रम नसतो. एकजण नेतो, दुसरा अनुसरतो, आणि पुढची चाल कोणती हें वाद्यें ऐकतां ऐकतां त्याच क्षणीं ठरतें. म्हणजे ही एक बोली आहे. आणि बोलीची खरी कसोटी घरच्या माणसाशीं बोलतांना लागत नाहीं. नवराबायको वर्षानुवर्षें अर्ध्या शब्दांत बोलतात, एकाचें व्याकरण चुकलें तर दुसरें तें मनांतल्या मनांत दुरुस्त करून घेतें. केवळ आपसांतच नाचणाऱ्या जोडप्याचें असेंच होतें. आपण बोलतों आहों कीं पाठ केलेलें म्हणून दाखवितों आहों, हें त्यांना कधीं कळतच नाहीं. परक्या माणसापुढें तें पहिल्या आठ मात्रांत कळतें. म्हणून ह्या नाचाच्या वर्गांत शिक्षक दर दोनचार मिनिटांनीं जोडीदार बदलावयास सांगतात, आणि बहुतेक वर्गांत जोडीनें आलेल्यांनाही तो बदलावा लागतो. अनोळखी माणूस हें ह्या विद्येचें अध्ययनसाधन आहे. एकट्यानें येणाराला तें अनायासें मिळतें, कारण त्याला तेथें सगळेच अनोळखी.

हेरेंग हें स्टॉकहोमच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरवर, बाल्टिक समुद्राच्या कांठचें, जुन्या लोखंडाच्या खाणींचें गांव. खाणी केव्हांच बंद पडल्या. वस्ती कांहीं शें माणसांची. १९८२ सालीं स्वीडनमधील स्विंगच्या हौशी मंडळींनीं तेथें पहिलें शिबिर भरविलें, तेव्हां हा नाच त्याच्या जन्मगांवींही बहुतेक विसरला गेला होता. ह्या मंडळींनीं जुन्या बोलपटांतून पावलें हुडकलीं, मग न्यूयॉर्कला जाऊन तीं टाकणारीं माणसें हुडकलीं. १९८४ सालीं अल मिन्स ह्या सॅव्हॉयच्या नर्तकाला त्यांनीं स्वीडनला नेलें, आणि १९८९ पासून स्वतः फ्रँकी मॅनिंग हेरेंगला येऊं लागले. मॅनिंग म्हणजे ‘हेल्झापॉपिन’ ह्या १९४१ च्या बोलपटांतील सुप्रसिद्ध नाचाचे रचनाकार. नाचाची हवा पालटल्यावर त्यांनीं तीसएक वर्षें टपालखात्यांत नोकरी केली होती, आणि सत्तरी ओलांडल्यावर जगभर हिंडून शिकविण्याचें हें दुसरें आयुष्य त्यांच्या वाट्यास आलें. ९५ वा वाढदिवस एका महिन्यावर आला असतां, एप्रिल २००९ मध्यें, ते वारले. वयाच्या नांवानें आम्हांस टोमणे मारणारांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

तेथें मुक्काम कोणाचा तंबूंत, कोणाचा मोठ्या दालनांत ओळीनें मांडलेल्या खाटांवर. सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो आणि चारच्या आंत उगवतो; नाच त्याच्याही पलीकडे चालतो. मुख्य स्थान ‘फोल्केट्स हूस’, म्हणजे लोकगृह. स्वीडनच्या कामगार-चळवळीनें गांवोगांवीं अशीं सभागृहें उभारलीं, त्यांपैकींच हें एक. हार्लेमच्या कष्टकऱ्यांचा नाच खाणकामगारांच्या गांवच्या सभागृहांत नांदावा ह्या योगायोगाचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

पहिल्या रात्रीं आम्ही बराच वेळ भिंतीशीं बसलों होतों. चष्मा, टक्कल आणि प्राध्यापकी पोक ह्या तीन अलंकारांनिशीं विशीतल्या मुलांच्या खळबळींत उतरावयास धीर लागतो, आणि धीर पदवीबरोबर मिळत नाहीं. पण तेथील रिवाज असा कीं विचारण्याचा हक्क पुरुषाचाच नाहीं. सत्तरीच्या पुढच्या एका बाईंनीं येऊन हात पुढें केला. गाणें तीन मिनिटांचें होतें. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस एवढेंच मावत असे, आणि ती मर्यादा ह्या नाचाला आजतागायत मानवली आहे. त्या बाई कोणत्या देशच्या, त्यांच्या घरीं कोण आहे, त्या एकट्या कां आल्या, हें आम्हांस त्या तीन मिनिटांत कळलें नाहीं आणि पुढेंही कळलें नाहीं. परंतु डावा पाय त्या जपून टाकतात, लय चढली कीं त्या हसूं लागतात, आणि क्लॅरिनेटची तान आली कीं नेणाराची वाट न पाहतां स्वतःची जागा घेतात, हें पक्कें कळलें. एकाच खोलींत पंचवीस वर्षें आमच्या शेजारीं बसलेल्या सहकाऱ्यांविषयीं आम्ही इतकें खात्रीनें सांगूं शकणार नाहीं.

एकाकीपणा मुळींच नव्हता असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तो होता, आणि त्याची जागा ठरलेली होती. नाचाच्या जमिनीवर तो कधीं आला नाहीं, भोजनगृहांत यावयाचा. ताट हातांत घेऊन वळावें तों प्रत्येक मेजाभोवतीं एकएका भाषेचें कोंडाळें बसलेलें, आणि रात्रीं ज्यांच्याशीं हातांत हात घालून नाचलों तींच माणसें सकाळीं पावाचा तुकडा मोडतांना परकीं. म्हणजे त्या गांवीं परक्याला परकेपण जाणवलें तें स्पर्शांत नव्हे, संभाषणांत. व्याख्याते महाशयांनीं ह्यावर विचार करावा. त्यांच्या सिद्धांताप्रमाणें नेमकें उलट व्हावयास हवें होतें.

आतां स्वैराचाराकडे वळूं. परक्या स्त्रीपुरुषांचे हातांत हात आणि पाठीवर हात पाहून ज्यांची झोंप उडते त्यांना आम्ही विचारतों कीं, आपल्या शहरांतल्या स्त्रियांना परक्याचा स्पर्श होत नाहीं काय? लोकलच्या डब्यांत, एस. टी.च्या दारांत, विसर्जनाच्या मिरवणुकींत तो रोजचा आहे. त्या स्पर्शाची परवानगी कोणी विचारलेली नसते, तो नाकारण्याची रीत नसते, तो कधीं संपणार हें ठरलेलें नसतें, आणि त्याविषयीं तोंड उघडणारीला आपणच गप्प बसवितों. हेरेंगला स्पर्श विचारून होतो. नकार दिला तर कारण सांगावें लागत नाहीं, आणि नकार मिळालेल्यानें आभार मानून बाजूस व्हावें हा शिष्टाचार. गाणें संपलें कीं हात सुटतात. ह्यांपैकीं कोणत्या व्यवस्थेस स्वैराचार म्हणावयाचें तें वाचकांनींच ठरवावें. आमच्यापुरतें आम्हीं ठरविलें आहे.

ही व्यवस्था आपोआप निर्मळ राहते असा भाबडा दावा आम्ही करीत नाहीं. २०१५ सालीं ह्या क्षेत्रांतील एका जगप्रसिद्ध शिक्षकाविरुद्ध अनेक स्त्रियांनीं अत्याचाराच्या तक्रारी उघडपणें मांडल्या आणि सारें स्विंग-जग हादरलें. त्यानंतर ठिकठिकाणच्या महोत्सवांनीं वर्तनाचे नियम लिहून लावले आणि तक्रार ऐकावयास माणसें नेमलीं. एकट्या येणारीला ह्या नियमांची सर्वांत अधिक गरज, कारण तिची बाजू घेणारें कोणी तिच्याबरोबर आलेलें नसतें. पण ह्यावरून, एकटीनें जाऊंच नये, असा जो निष्कर्ष काढला जाईल तो आम्हांस मान्य नाहीं. गुन्हा अधिकाराचा दुरुपयोग करणाराचा आणि घरांत कोंडावयाचें तें एकटीला, हा न्याय आपल्याकडे फार दिवस चालला आहे.

नीतीच्या नांवाखालीं काय काय खपवितां येतें ह्याचा दाखला खुद्द सॅव्हॉयच्याच इतिहासांत आहे. एप्रिल १९४३ मध्यें न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनीं त्या दाराला टाळें ठोकलें. कारण सांगितलें तें नीतीचें: सैनिक तेथें बिघडतात आणि रोग घेऊन परततात. हार्लेमच्या पुढाऱ्यांनीं व वृत्तपत्रांनीं तेव्हांच सांगितलें कीं खरें दुखणें निराळें आहे. गोरे आणि कृष्णवर्णीय एका जमिनीवर नाचतात हें कोणाला तरी पाहवत नाहीं. सुमारें सहा महिन्यांनीं टाळें निघालें. परक्यानें परक्याशीं नाचूं नये हें सांगतांना सदाचाराची ढाल पुढें धरण्याची युक्ति आमच्या व्याख्यात्यांनीं शोधून काढलेली नाहीं. ती वापरून वापरून गुळगुळीत झालेली आहे.

राहिला परकीयपणा. व्याख्याते महाशय मुंबईंत वाढले, म्हणून त्यांना एक स्मरण देतों. सॅव्हॉय उघडलें त्या वर्षीं तेथें वाजविणाऱ्या बँडांपैकीं एकाचा नायक लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक होता. तोच ॲबी १९३५ सालीं आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. अशा वादकांच्या सहवासांत गोंव्याच्या वादकांनीं स्विंग आत्मसात केलें, आणि पुढें तेच हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. चिक चॉकलेट ह्या नांवानें गाजलेल्या गोंव्याच्या ट्रंपेटवादकाची साथ घेऊन पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनीं, म्हणजे सी. रामचंद्रांनीं, १९५१ च्या ‘अलबेला’स जें संगीत दिलें त्यावर भगवानदादा पालव नाचले; आणि भगवानदादांची चाल ज्या मराठी वरातींत कोणी ना कोणी काढून दाखवीत नाहीं अशी वरात आम्हीं अद्याप पाहिलेली नाहीं. तेव्हां सूर आपल्याकडे येऊन मुरले त्याला तीन पिढ्या होऊन गेल्या. आलें नाहीं तें सॅव्हॉयचें दार. ताजच्या नृत्यगृहांत साहेब, संस्थानिक आणि बडे शेट नाचले; बाकीच्या मुंबईनें स्विंग पडद्यावर पाहिलें. जें दार आपल्यासाठीं कधीं उघडलेंच गेलें नाहीं, त्याच्या बंद असण्यालाच आपण पुढें संस्कृति म्हणूं लागलों.

हेरेंगवर आक्षेप घ्यावयाचाच असेल तर तो दुसऱ्या बाजूनें घेतां येतो, आणि तो घेण्याचें धैर्य व्याख्यात्यांनीं दाखविलें असतें तर आम्ही टाळ्या वाजविणारांत सामील झालों असतों. सॅव्हॉय १९५८ सालीं बंद झालें. तें पाडून त्या जागीं राहण्याच्या इमारती उठल्या, आणि आज तेथें एक स्मृतिफलक आहे. २००२ सालीं मॅनिंग व त्यांच्या जुन्या सहनर्तिका नॉर्मा मिलर ह्यांच्या उपस्थितींत तो बसविला गेला. आम्ही गेलों त्या आठवड्यांत हेरेंगच्या गर्दींत कृष्णवर्णीय चेहरे बोटांवर मोजण्याइतके होते. दमून आलेल्या मोलकरणीला जी गोष्ट शनिवारच्या तिकिटांत मिळत होती, ती मिळविण्यासाठीं आमचा एका महिन्याचा सबंध पगार विमानभाड्यांत, परवान्यांत आणि फींत गेला. जगाच्या पाठीवरून येणारे हे एकटे प्रवासी बहुतांशीं असेच पगारदार. उघडें दार म्हणून ज्याचा गौरव करावयाचा त्याच्या उंबरठ्याची ही उंची विसरून चालणार नाहीं.

त्याहूनही जिव्हाळ्याची तक्रार निराळी आहे, आणि ती व्याख्याते महाशयांच्या तक्रारीच्या अगदीं उलट आहे. हे महोत्सव एकट्या माणसाला पुरेसे मोकळे नाहींत. अशा पुष्कळ महोत्सवांच्या नोंदणींत आरंभींच विचारतात कीं आपण नेणारे कीं अनुसरणारे, जोडीनें येणार कीं एकटे. वर्गांत दोन्ही बाजूंची संख्या सारखी असावी, म्हणजे जोडीदार बदलतांना कोणी रिकामें उभें राहूं नये, हा त्यांतला हेतु. हेतु रास्त आहे. परिणाम असा कीं, अनुसरूं इच्छिणाऱ्या स्त्रियांचे अर्ज फार आणि नेणाऱ्या पुरुषांचे थोडे असल्यामुळें जोडपें लगेच आंत जातें, एकटा नेणारा पुरुष त्याच्या पाठोपाठ जातो, आणि एकटी अनुसरणारी स्त्री प्रतीक्षायादींत पडते. तिला जो तो सुचवितो कीं कोणीतरी पुरुष शोध आणि त्याच्या नांवाशेजारीं आपलें नांव घाल. म्हणजे ज्या नाचाला बरोबर जोडीदार आणावा लागत नाहीं म्हणून आम्ही एवढा कंठशोष केला, त्याच्याच दारांत जोडीदार दाखवा अशी मागणी! आम्हांस स्वतःला ह्या यादीचा कांहींच त्रास झाला नाहीं, कारण आम्हीं नेणारे म्हणून नांव दिलें होतें. आणि म्हणूनच ह्याविषयीं बोलणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

चालकांचें उत्तर असें कीं गणितापुढें इलाज नाहीं. आम्हांस तें पटत नाहीं. सारख्या संख्येची गरज दिवसाच्या वर्गापुरती. रात्रींच्या नाचाला ती नाहीं. बाया बायांशीं आणि पुरुष पुरुषांशीं नाचतांना आम्हीं तेथें रोज पाहिले, आणि खुद्द सॅव्हॉयचे अल मिन्स व लिऑन जेम्स हे दोघे पुरुष पुढें जोडीनेंच कार्यक्रम करीत. शिवाय एकाच माणसानें दोन्ही बाजू शिकाव्या असा प्रघात कित्येक शिक्षकांनीं पाडला आहे, आणि जेथें तो रुजला तेथें तें दुस्तर गणित फारसें उरत नाहीं. नेणें पुरुषाचें आणि अनुसरणें बाईचें, हा नियम संगीतांत कोठेंही लिहिलेला नाहीं. चौथ्या दिवशीं आम्हीच अनुसरणारांच्या रांगेंत जाऊन उभे राहिलों. समोर नेणारी मुलगी कोरियाची, आमच्या धाकट्या विद्यार्थिनींच्या वयाची. तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून आधीं आपण बोलावयाचें आणि मग इतरांनीं, अशी संवय जडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताचा ताण येईपर्यंत पाऊल उचलून धरणें म्हणजे काय, हें आमच्या व्यवसायांतील प्रत्येकानें एकदां अनुभवून पाहावें. विद्यापीठाच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गांत ह्याची सोय नाहीं.

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें युरोपांतील अशाच एका महोत्सवासाठीं अर्ज केला. वय तेहतीस, अविवाहित, बँकेंत नोकरी. अनुसरणारी म्हणून तिचें नांव यादींत फार खालीं लागलें; तिच्याच कचेरींतील एक वाङ्निश्चय झालेलें जोडपें मात्र दुसऱ्याच दिवशीं आंत गेलें. आमच्या सल्ल्यावरून तिनें आतां नेणारी म्हणून नवा अर्ज भरला आहे, आणि आठवड्यांतून दोन संध्याकाळीं ती नेण्याची तालीम करीत आहे. परवां तिच्या मातोश्री आमच्या घरीं आल्या होत्या. “नाचायला माझी ना नाहीं, सर,” असें त्या म्हणाल्या, “पण ती जाणार कोणाबरोबर, एवढें तुम्ही सांगा.” कोणाबरोबरही नाहीं, असें आम्हीं त्यांना सांगितलें, आणि मुक्कामाचा पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या मंडळींचा दूरध्वनि आणि परतीच्या विमानाची वेळ हें सारें एका कागदावर लिहून त्यांच्या हातीं दिलें.